झाड उतरविण्याची विद्या

कोकणातील बागाईतदार आंबे पाडीत नाही, उतरवितो. झाडावरून जमिनीवर आदळलेला आंबा आतून दुखावतो आणि आढीत नासतो. म्हणून प्रत्येक फळ झेल्यात घेऊन अलगद खाली आणावयाचे असते. जी काळजी माणूस पावशेराच्या फळासाठी घेतो, ती तो कित्येक टन वजनाच्या झाडासाठी मात्र घेत नाही. अंगणातले झाड धोक्याचे झाले, की ‘पाडून टाकू’ असे तो सहज म्हणून जातो. वस्तुतः दाट वस्तीतले झाडही पाडावयाचे नसते, उतरवावयाचे असते.

झाड आपले आपणच पडू लागले म्हणजे काय होते, हे चेन्नई शहराने १२ डिसेंबर २०१६ रोजी पाहिले. त्या दिवशी ‘वरदा’ नावाचे चक्रीवादळ शहराजवळच किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यापुढे हजारो झाडे आडवी झाली. रस्ते अडले, विजेच्या तारा तुटल्या, कुंपणाच्या भिंती ढासळल्या. पडलेल्यांत गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष अशा विस्तीर्ण माथ्याच्या झाडांचा भरणा मोठा होता. शहरातल्या झाडाला बहुधा पाय पसरावयास जागाच नसते. बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडलेले असते; गटारासाठी वा केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळे तुटलेली असतात. वरून झाड हिरवेगार दिसते, पण त्याचा पाया केव्हाच खचलेला असतो.

तथापि वादळाच्या भयाने दिसेल त्या झाडावर कुऱ्हाड चालविणे हेही शहाणपण नव्हे. अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या बागेतील पुराणवृक्ष वड या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९८९ साली त्याचे मूळ खोड वादळात उन्मळून पडले. पण त्याच्या पारंब्यांची तोवर स्वतंत्र खोडे झाली होती. त्यांच्या आधाराने तो वड पुढेही जगला. कोणते झाड तरेल, कोणाला नुसती छाटणी पुरेल आणि कोणाला निरोप द्यावाच लागेल, हे ओळखण्यासाठी जाणत्याची नजर लागते. बुंध्याशी उगवलेली अळंबी, ठोकल्यावर पोकळ वाजणारे खोड, झुकलेल्या बाजूच्या उलट अंगाला उचललेली माती, दुबेळक्यात पडलेली चीर ही लक्षणे तो आधी तपासतो. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि वादळांचा हंगामही तोच. म्हणून ही परीक्षा त्यापूर्वीच, कोरड्या दिवसांत व्हावयास हवी.

झाड काढण्याचे ठरले, की घरमालकापुढे स्वस्ताईचा मोह उभा राहतो. कुऱ्हाड व दोर घेऊन दोघेजण दारात येतात; ‘लाकूड आम्ही नेऊ, मजुरी थोडी द्या’ असा सौदा ठरतो. पण वजनाचा हिशेब कोणीच केलेला नसतो. दोन फूट व्यासाच्या ओल्या खोडाचा केवळ एक मीटर लांबीचा तुकडा सुमारे पाव टन भरतो. तो तीन मजल्यांवरून सुटला, तर खाली कौले आहेत की माणूस, हे तो पाहत नाही. नारळाचीही तीच गोष्ट. नारळ काढणारा चढण्यात वाकबगार असतो यात संशय नाही. पण घोस तोडणे वेगळे आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत माड तुकड्यातुकड्यांनी खाली आणणे वेगळे.

निष्णात माणसाची रीत पहिल्या घटकेपासून निराळी दिसते. तो प्रथम झाडाभोवती फिरतो, वर पाहतो, तारा कोठून जातात ते विचारतो. तारा जवळ असतील, तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री पटेपर्यंत तो करवतीला हात लावीत नाही. वारा असेल, तर काम पुढे ढकलतो. खालची जागा दोर बांधून मोकळी करवितो. मग कमरेला पट्टा व डोक्याला शिरस्त्राण घालून चढतो. प्रत्येक मोठी फांदी कापण्याआधी दोराने बांधली जाते आणि कापल्यावर, खालच्या सोबत्याने धरलेल्या दोरावर, सावकाश उतरते. फांद्या संपल्या, की खोडाचे तुकडे वरून खाली याच क्रमाने येतात. मोकळे मैदान असेल तरच तो अखंड झाड आडवे करतो. तेथेही, ज्या बाजूस झाड पडावयाचे त्या बाजूला तो आधी खाच घेतो, मग मागून कापतो आणि मध्ये न कापलेली एक पट्टी राखतो. ती पट्टी बिजागरीचे काम करते व झाडाला दिशा देते.

असा माणूस नेमताना घरमालकाने संकोच न बाळगता विचारावे : यापूर्वी अशी झाडे कोठे उतरविली? कामगारांचा विमा आहे काय? शेजाऱ्याच्या भिंतीची हानी झाल्यास भरपाई कोणाची? परवानगी कोण काढणार? महाराष्ट्रात नागरी भागातील वृक्षांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे व वृक्ष प्राधिकरणाच्या संमतीवाचून झाड तोडता येत नाही. अन्यत्रही स्थानिक नियम आधी समजून घ्यावेत. जो कारागीर ‘परवानगीचे काय एवढे!’ म्हणतो, तो दोराविषयीही तसेच म्हणण्याचा संभव असतो.

या सर्वाला पैसा अधिक पडतो, हे खरे. परंतु स्वस्तात झालेल्या कामात वाचलेला पैसा हा बहुधा चढणाऱ्याच्या जिवावर वाचविलेला असतो. ज्याने आयुष्यभर सावली दिली, त्या झाडाच्या अखेरच्या दिवशी कोणाच्या घरी अंधार पडू नये. सायंकाळी लाकडांची रास एका बाजूला रचलेली असावी, शेजाऱ्याची कौले जागच्या जागी असावीत आणि झाड उतरविणारा माणूस आपल्या पायांनी घरी जावा.