मोटारींतील पट्टा आणि हवेची पिशवी



नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आज अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. लग्नकार्य असो, लातूरच्या शिकवणीवर्गांत मुलाला पोंचविणें असो, कीं नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचें दर्शन असो, घरची मंडळी मोटारींत बसतात. वडीलधाऱ्यांना मानानें मागची जागा मिळते आणि धाकटें मूल आजीच्या मांडीवर विसावतें. पुढचे दोघे दंडाच्या भयानें पट्टा बांधतात. मागचे मात्र निश्चिंत असतात. ही निश्चिंतता किती निराधार आहे, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

मोटार एकाएकीं थांबली तरी आंतील शरीर पूर्वीच्याच वेगानें पुढें जातें. ताशीं ५० किलोमीटर वेगानें आदळणें म्हणजे सुमारें १० मीटर उंचीवरून खालीं पडण्यासारखेंच होय. वेग दुप्पट झाला कीं आघात चौपट होतो. अशा क्षणीं मांडीवरचें मूल कोणाच्याही हातांत राहणें शक्य नाहीं. आणि पट्टा न बांधलेला मागचा प्रवासी पुढच्यावर जाऊन आदळतो.

ता. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपति सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. पुढें बसलेले दोघे जबर जखमी होऊनही वांचले. मागें बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मृत्यु पावले. मागच्या दोघांनीं पट्टे बांधले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. मोटार उंची होती, तींत हवेच्या पिशव्याही होत्या.

पिशवी असल्यावर पट्टा कशाला, असें कित्येक विचारतात. परंतु पिशवी पट्ट्याची जागा घेत नाहीं. ती त्याची साहाय्यक आहे. डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीच ती फुगते. पट्ट्यानें अंग धरून ठेवलें तर ती आधार देते. पुढें झुकलेल्या माणसास तिचाच तडाखा बसतो. म्हणून चालकानें सुकाणूचक्रापासून छाती निदान २५ सेंटिमीटर दूर ठेवावी. पिशवीच्या झांकणावर देवाची मूर्ति वा अत्तराची बाटली ठेवूं नये, पाय तर मुळींच ठेवूं नयेत. तान्ह्या मुलाचें मागें तोंड असलेलें आसन, समोर पिशवी असतां, पुढें कधींही लावूं नये. मुलांची जागा मागें, त्यांच्या वयास साजेशा आसनांत.

पट्ट्याचा एक भाग खांद्यावरून छातीवर यावा, दुसरा पोटावर न येतां कमरेच्या हाडावर बसावा; गर्भवती स्त्रीनें तो पोटाच्या खालून घ्यावा. काखेखालून घेतलेला, अथवा सूचनेचा घंटानाद बंद करण्यासाठीं पाठीमागून अडकविलेला पट्टा रक्षण करीत नाहीं.

मागच्या प्रवाशांनींही पट्टा बांधावा असा कायदा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें दंड १००० रुपये झाला आहे. तथापि अनेक मोटारींत मागच्या पट्ट्यांचीं खोबणीं आसनाच्या खोळीखालीं दडपून गेलेलीं असतात. आज सायंकाळीं आपल्या मोटारीची ती खोळ उचलून पाहावी, खोबणीं मोकळीं करावींत, आणि पुढील प्रवासास निघतांना आजीचा पट्टा आधीं बांधावा.