ड्वार्फ सशाचं चौथं पिल्लू

आजचा विषय श्रोत्यांनीच दिलाय. गोंदिया, तिरोडा, आमगाव इकडून तीन-चार जणांनी जवळपास एकच प्रश्न पाठवला. ड्वार्फ सशांची जोडी आणली, मादी व्याली, चार पिल्लं झाली आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्यातलं एक मेलं. पुढच्या वेतालाही तेच. मग घरात चर्चा सुरू: आपल्याकडची गर्मी, आईने दूध पाजलं नाही, कुणीतरी हात लावला. एका घरात तर यावरून लहान मुलीला बोलणी बसली. तिचा काहीही दोष नव्हता, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. मी प्राण्यांचा डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण हे गणित कोडवाल्याला आवडेल असंच आहे.

खरा ड्वार्फ ससा, म्हणजे नेदरलँड ड्वार्फसारखा, बुटका असतो तो मुख्यतः एका जीनमुळे. २०१७ साली संशोधकांनी तो शोधून काढला. एचएमजीए-टू नावाच्या जीनच्या जागी डीएनएचा सुमारे १२ हजार अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत तुटकी असेल तर ससा लहान, गोल डोक्याचा, छोट्या कानांचा, म्हणजे आपल्याला हवा तसा होतो. दोन्ही तुटक्या असतील तर पिल्लू जन्मतःच भावंडांच्या साधारण एक तृतीयांश असतं, डोकं मोठं आणि मागचा भाग आखडलेला. पाळणारे त्याला पीनट म्हणतात, शेंगदाणा. ते काही दिवसांतच जातं. ड्रॉपरने दूध पाजा, ऊब द्या, उपयोग होत नाही.

आता जोडी लावा. दोन्ही खरे ड्वार्फ असले तर प्रत्येक पिल्लासाठी दोन नाणी उडवल्यासारखं आहे. सरासरी चारात एक पीनट, दोन ड्वार्फ आणि एक साधं. या साध्याला फॉल्स ड्वार्फ म्हणतात. रक्त त्याच घराण्याचं, पण तुटका जीन नाही, त्यामुळे अंगाने जरा मोठं.

इथे लोक फसतात ते असं. चार पिल्लांच्या वेतात एकही पीनट न येण्याची शक्यता किती? पाऊण गुणिले पाऊण, असं चार वेळा. उत्तर सुमारे ३२ टक्के. म्हणजे तीनातलं एक वेत अगदी स्वच्छ जातं, आणि माणूस म्हणतो, आमच्या जोडीत तो प्रकार नाही. दोन वेतं लागोपाठ स्वच्छ जाण्याची शक्यता उरते १० टक्के. एका चांगल्या वेतावरून काहीच सिद्ध होत नाही, भाऊ.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ड्वार्फ नराला फॉल्स ड्वार्फ मादी लावली तर निम्मी पिल्लं ड्वार्फ आणि निम्मी साधी होतात. पीनट एकही नाही. जरा थांबून हिशेब बघा. ड्वार्फ-ड्वार्फ जोडीतही चारात दोनच ड्वार्फ मिळत होते! म्हणजे दोन बुटके एकत्र करून हातात जास्त काही पडत नाही, फक्त एक साधं पिल्लू जगण्याऐवजी एक मरतं. उलट मादी अंगाने मोठी असेल तर पिल्लंही थोडी जास्त होतात आणि बाळंतपण सोपं जातं. नेदरलँड ड्वार्फचं वेत मुळातच दोन ते चार पिल्लांचं. त्याचं कारण लहान अंग. पीनटचा मामला त्याहून वेगळा, तो जन्मानंतरचा. त्यामुळे वहीत दोन रकाने करा: जन्मली किती, आणि दूध सुटलं तेव्हा जिवंत किती.

एका जीनने वेत बदलतं, हे आपल्या महाराष्ट्रात मेंढ्यांवर झालेलं काम आहे. साताऱ्याजवळ फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, नारी. सुंदरबनकडची गारोल मेंढी अंगाने चिमुकली, पण जुळी-तिळी देणारी, आणि आपली दख्खनी बहुधा एकच कोकरू देते. गारोलमधला फेक-बी नावाचा जीन त्यांनी दख्खनीत आणला आणि नारी सुवर्ण हा वाण तयार केला. फरक बघा: तिथे त्या जीनच्या दोन प्रती असल्या तरी कोकरू मरत नाही, आणि एका प्रतीनेही जुळ्यांचं प्रमाण चांगलं वाढतं. कोणाकडे किती प्रती आहेत ते डीएनए तपासणीने कळतं. तरी तिथेही प्रश्न आहेच, आईचं दूध दोघांत वाटलं जातं.

आता गर्मीचं. ती खोटी नाही. गोंदियात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि सशाला तिशीच्या पुढेच त्रास सुरू होतो. नराचं वीर्य कमकुवत होतं आणि पूर्ववत व्हायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून उन्हाळ्यात मादी गाभण राहत नाही किंवा पिल्लं कमी होतात. पण गर्मी अख्ख्या वेताला छळते, नेमकं एक चिमुकलं निवडून नाही. दुधाचंही तसंच. ससाणी दिवसातून एक-दोनदा, तीन-चार मिनिटंच पाजते, तेही बहुधा रात्री-पहाटे. आपल्याला दिसत नाही, आणि दोष आईला. सकाळी पिल्लांचं पोट गच्च दिसलं की समजायचं, पाजलंय.

विकत घेताना एक सांगतो. बाजारात ड्वार्फ म्हणून मिळणारं पांढरं, लाल डोळ्यांचं पिल्लू बऱ्याचदा मोठ्या जातीचं लहान बाळ असतं आणि सहा महिन्यांत तीन किलोचं होतं. पिल्लू बघू नका, त्याचे आई-बाप बघा. नेदरलँड ड्वार्फ पूर्ण वाढला तरी साधारण किलोभरच भरतो.

आणि घरात आधीच दोन्ही ड्वार्फ असतील तर आज संध्याकाळीच वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. मादी व्याल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, आणि पुढचं वेत ३१ दिवसांत येतं. पेटीत धानाची तणस घालून ठेवली असेल तर ती तशीच राहू द्या, मादी आधीच गाभण असू शकते.