पायांच्या मुंग्या आणि महागडं इंजेक्शन

मधुमेहामुळे पायांना मुंग्या, रात्री तळव्यांची आग, पायातून चप्पल निसटली तरी पत्ता नाही, हे आता घरोघरी आहे. अशी माणसं हल्ली मला विचारतात, "बाई, स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊ का? दागिने मोडायची तयारी आहे." माझं उत्तर एकच. त्या इंजेक्शनचे जिथे पैसे मागतात, तिथून उठून या.

शेतातला पाट आठवा. पाणी कमी पडलं की विहिरीपासून सगळ्यांत लांबचा वाफा आधी सुकतो. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यांत लांब, म्हणून पहिला त्रास बोटांना. स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी घडतात त्या मूळ पेशी, काही नवा पाट खणत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं ते असं, की या पेशी नसांना पोसणारी द्रव्यं सोडतात, बारीक रक्तवाहिन्या वाढायला मदत करतात. म्हणजे ढासळलेला बांध लिंपतात. पण विहिरीचं पाणीच खारट असेल, तर लिंपलेल्या पाटातूनही खारटच पाणी जाणार ना? साखर चढीच ठेवून बांध किती वेळा लिंपाल? अमेरिका आणि कॅनडातल्या डीसीसीटी नावाच्या मधुमेह-अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. टाइप १ च्या ज्या रुग्णांनी साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात नसांचा हा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. टाइप २ मध्ये फायदा इतका ठळक नाही.

माणसांवर स्टेम सेलचे प्रयोग झालेत, पण थोड्या रुग्णांवर, थोडा काळ. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आणि तशा काही ठरावीक आजारांतलं रक्तपेशी-जनक पेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं फक्त मान्यता मिळालेल्या चाचणीतच करायचं. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. म्हणून पुन्हा सांगते, आजी-आजोबांनो, तुमच्या मुलांनाही सांगा: पैसे मागितले, की उठायचं!

मग करायचं काय? मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी झालं तरी मुंग्या येतात, आणि त्यावर स्वस्त औषध आहे. रोज रात्री आरसा खाली ठेवून तळवे बघा. आणि भर उन्हात देवळाला अनवाणी प्रदक्षिणा घालू नका, जाड मोजे घाला. देव रागावणार नाही.