'ओ' कोणाचा?

वर्गांत नांव पुकारलें कीं मुलें 'ओ' देत. क्वचित् एखादा दुसऱ्याच्याच नांवाला ओ देई. हजेरी मग खोटी ठरे.

१९०१ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर ह्यांनीं रक्ताचे ए, बी व सी असे गट पाडले. पुढें 'सी'चा 'ओ' झाला. जर्मन 'ओने' म्हणजे 'वांचून'. ज्या रक्तकणांवर ए व बी ह्या दोन्ही खुणा, म्हणजे प्रतिजन, नाहींत तो 'ओ', असा त्याचा अर्थ लावतात. आपला 'ओ' मात्र हाकेला दिलेलें उत्तर! आणि इतर जुळणी असतां 'ओ'चे रक्तकण ए-बी गटांच्याहि हाकेला धांवतात.

परंतु १९५२ सालीं मुंबईच्या डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनीं निराळेंच रक्त जगापुढें मांडलें. ए-बी ज्या 'एच्' प्रतिजनावर घडतात आणि जो 'ओ'जवळहि असतो, तोच त्यांत नव्हता. हाच 'बाँबे' गट. साध्या तपासणींत तो 'ओ'च्या नांवाला ओ देतो. पण त्या रोग्याला 'ओ'चें रक्त दिलें तर प्राणावर बेततें. त्याला 'बाँबे' गटाचेंच रक्त हवें.

म्हणून रक्त देण्यापूर्वीं दोन्ही रक्तें जुळवून पाहावीं, आणि संशय येतांच 'एच्'हि तपासावा. ओ ऐकूं आली, तरी मास्तरानें मान वर करून चेहरा पाहावा, हें बरें.