एफ.एम.च्या पट्टीवर काय नाही?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा आरंभ मी एका छोट्याशा प्रयोगाने करणार आहे. प्रयोग सोपा आहे आणि त्याला काडीचाही खर्च नाही. साधा काट्याचा रेडिओ घ्या, मुंबईत कुठेही बसा, आणि काटा ८८ पासून १०८ पर्यंत सावकाश सरकवीत जा. वाटेत जे जे ऐकू येईल ते एका कागदावर टिपून ठेवा. हे सकाळी एकदा करा, भर दुपारी एकदा करा, आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा करा. मग कागद पुढे ठेवून स्वतःलाच विचारा : या पट्टीवर काय आहे, आणि काय नाही?

हा प्रयोग मी स्वतः केला आहे. हौसेने केला असे मात्र नव्हे. तो मला माझ्या आईने करायला लावला.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. वर्तमानपत्र अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून काढायचे, हा तिचा जन्माचा शिरस्ता. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू गेली. डोळ्यांचे काम तेव्हापासून कानांवर आले, आणि उशाशी असलेला मध्यम लहरींचा जुना रेडिओ हेच तिचे वर्तमानपत्र झाले, तेच नाट्यगृह आणि तीच शेजारीण. गेल्या पावसाळ्यात तो रेडिओ बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडला, मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, याचं सामान आता मिळत नाही. नवा घ्या." मी नवा घेतला. लहानसा, सुबक, पण फक्त एफ.एम.चा. आईने दोन दिवस काटा फिरवून पाहिला. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना तिने विचारले,

"काय रे, यावर कुणी बोलत नाही का?"

मी म्हटले, "बोलतात की! ते निवेदक तर क्षणभर थांबत नाहीत."

"ते गाण्यांच्या मध्ये बोलतात रे. माझ्याशी कुणी बोलत नाही."

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. आईच्या तक्रारीलाही आकड्यांचा पुरावा मागण्याची खोड मला जडलेली. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तीन दिवसांनी जी यादी तयार झाली ती मोठी मजेशीर होती. आकाशवाणीच्या वाहिन्यांवर बातम्या भेटल्या, थोड्या गप्पा भेटल्या, जुनी ओळखीची गाणी भेटली. खाजगी वाहिन्यांवर मात्र नवी हिंदी चित्रपटगीते, त्यानंतर नवी हिंदी चित्रपटगीते, मग थोडी जुनी हिंदी चित्रपटगीते, आणि मधून मधून थट्टामस्करी, रस्त्यावरच्या गर्दीची खबर व जाहिराती. या वाहिन्यांवर तीन दिवसांत मला अर्ध्या तासाची एकही श्रुतिका सापडली नाही. मुलांसाठी गोष्ट सापडली नाही. एखादा राग आलापापासून शेवटपर्यंत ऐकायला मिळाला नाही. आणि पुस्तक किंवा वर्तमानपत्र हाती घेऊन ते शांतपणे वाचून दाखवणारा माणूस कुठेच भेटला नाही. ज्या शहरात मराठी, गुजराती, उर्दू, कोकणी, सिंधी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, भोजपुरी अशा कितीतरी भाषा एकाच लोकलच्या डब्यात ऐकू येतात, त्या शहराच्या या वाहिन्या बहुतेक वेळ एकाच भाषेत गात होत्या.

आता तुम्ही म्हणाल, लोकांना आवडते तेच वाहिन्या देतात. यात नवल ते काय? उत्तर वाटते तितके सरळ नाही. जरा हिशेब करून पाहू.

पहिली गोष्ट जागेची. ८८ ते १०८ ही पट्टी वीस मेगॅहर्ट्झची. एकीचा आवाज दुसरीत मिसळू नये म्हणून आपल्याकडे एका शहरातील दोन वाहिन्यांत आठ-दशांश मेगॅहर्ट्झचे अंतर ठेवण्याचा दंडक पडला. मुंबईत वाटल्या गेलेल्या जागा पाहा : ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येक पायरी बरोबर आठ-दशांशाची. या हिशेबाने सबंध पट्टीवर सुमारे पंचवीसच घरे बसतात, आणि त्यांतच आकाशवाणी, खाजगी वाहिन्या व सामुदायिक केंद्रे या सर्वांची सोय लावायची. हे अंतर निम्मे करावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ साली केली होती. तात्पर्य, एफ.एम.ची जागा दक्षिण मुंबईतल्या जागेसारखीच मोजकी आणि महाग आहे. जो लिलावात मोठी रक्कम मोजून आत येतो, तो तिथे ग्रंथालय काढील की दुकान, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. स्पर्धा वाढली की विविधता वाढते, असे आपण वर्गात शिकवतो. पीटर स्टायनर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५२ साली रेडिओचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले की असे घडेलच असे नाही. त्याचा मुद्दा मी आपल्या घरगुती आकड्यांत मांडतो. समजा, एका गावात शंभर श्रोते आहेत. ऐंशींना चित्रपटातली गाणी हवीत, बारांना नाटके, कथा व भाषणे हवीत, आणि आठांना शास्त्रीय संगीत. पहिली वाहिनी निघते आणि अर्थातच गाणी लावते. दुसरी निघते. तिने बारांच्या मागे का जावे? ऐंशींचा निम्मा वाटा घेतला तरी चाळीस मिळतात. तिसरीला सव्वीस-सत्तावीस, चौथीला वीस, पाचवीला सोळा. सहाव्या वाहिनीलासुद्धा गाण्यांतून तेरा श्रोते मिळतात, म्हणजे बारांहून एक अधिकच. सातव्या वाहिनीच्या वाट्याला साडेअकरा येऊ लागतात, तेव्हा कुठे तिला नाटकाची आठवण होते! आणि ते आठ संगीतरसिक? त्यांचा नंबर लागायला अकरावी-बारावी वाहिनी उजाडते. यात कोणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण शहाणपणानेच वागतो आहे. तरीही शंभरांतल्या वीस माणसांना घरात रेडिओ असून रेडिओ नाही.

याच विचाराची दुसरी बाजू अशी, की त्या साऱ्या वाहिन्या एकाच मालकाच्या असत्या तर तो असे करता ना. गाण्यांची दुसरी वाहिनी काढून आपलेच गिऱ्हाईक कोण फोडील? तो दुसरीवर नाटक लावील, तिसरीवर राग. आकाशवाणी एकटी होती तेव्हा ती एकाच शहरात निरनिराळ्या वाहिन्यांवर निरनिराळे कार्यक्रम करीत असे, त्यामागे सेवाभाव होता हे खरेच. पण हा हिशेबही होता. पुढे २०११ च्या धोरणाने एका कंपनीला एका शहरात, काही मर्यादेत, एकाहून अधिक वाहिन्या घेण्याची मुभा दिली. ज्या कंपनीची मुंबईत १०४ वर वाहिनी होती, तिने २०१६ साली ९१.९ वर दुसरी काढली. स्टायनरसाहेब अगदीच चुकले नाहीत : दुसरी वाहिनी पहिलीहून निराळी निघाली. पण निराळेपण ते किती? पहिलीवर नवी गाणी, तर दुसरीवर जुनी. ऐंशींचेच दोन वाटे झाले. बारा आणि आठ होते तिथेच राहिले.

तिसरी गोष्ट कायद्याची. खाजगी वाहिन्यांना परवाने देताना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई करण्यात आली. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुनःप्रक्षेपित करण्याची तेवढी सवलत पुढे मिळाली. तासाला दहा मिनिटांपर्यंत त्यांना बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस त्याच प्राधिकरणाने २०२३ साली केली. तेव्हा बातम्यांचा दोष एकट्या वाहिन्यांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. पण पाणीपुरवठा, वीज, हवामान, परीक्षा, प्रवेश, नोकऱ्या, सांस्कृतिक कार्यक्रम आणि आपत्तीच्या सूचना या साऱ्यांना २०११ च्या धोरणातच बातम्यांच्या व्याख्येतून वगळून मोकळीक दिली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळलेल्या या शहरात, पावसाळाभर रोज ठरल्या वेळी भरती-ओहोटीच्या वेळा, पाणी तुंबलेले रस्ते आणि बंद पडलेल्या गाड्या शांतपणे, विनोद न करता सांगणारी वाहिनी कायद्याने अडवलेली नाही. आणि श्रुतिका, कथा किंवा पुस्तकवाचन यांना तर कोणत्याच कायद्याची आडकाठी नव्हती.

"पण मागणी कुठे आहे?" हा यावरचा ठरलेला सवाल. मी उलट विचारतो : १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले, त्याच्या आदल्या दिवशी त्याची मागणी कोणी केली होती? माडगूळकरांनी लिहावे, सुधीर फडक्यांनी चाल द्यावी, आणि वर्षभर छपन्न गीते घरोघर पोहोचावीत, असा अर्ज कोणत्याही श्रोत्याने केला नव्हता. आधी पुरवठा झाला. मागणी त्याच्या पाठोपाठ आली, आणि ती आजतागायत ओसरलेली नाही. इंग्लंडात बी.बी.सी.ने १ जानेवारी १९५१ पासून 'द आर्चर्स' ही शेतकरी कुटुंबाची मालिका देशभर ऐकवायला घेतली. मूळ हेतू शेतीची माहिती देण्याचा. ती मालिका सत्तर वर्षे उलटून गेली तरी चालूच आहे. आपल्या मुंबई केंद्राच्या 'प्रपंच'मधील टेकाडे भावोजी एके काळी घरोघरच्या जेवणाच्या पंगतीला येऊन बसत. कानाने नाटक पाहण्याची आपली शक्ती गेलेली नाही. तिला काम मिळेनासे झाले आहे, इतकेच.

शास्त्रीय संगीताचेही तसेच. बंगळुरात आकाशवाणीने 'अमृतवर्षिणी' ही एफ.एम. वाहिनी केवळ शास्त्रीय संगीतासाठी काढली. मुंबईत वर्ल्डस्पेसचा उपग्रह-रेडिओ वर्गणी भरून ऐकणारे पुष्कळ लोक माझ्या ओळखीचे होते. हिंदुस्तानी संगीताच्या वाहिनीसाठी ते निराळा सेट विकत घेत. २००९ च्या अखेरीस ती सेवा भारतात बंद पडली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये चक्क सुतक पाळले गेले. गाठचे पैसे देऊन ऐकणारा श्रोता म्हणजे मागणी नव्हे, तर काय?

परंतु या साऱ्या रिकाम्या जागांत मला सर्वांत जास्त टोचणारी जागा आहे ती वाचून दाखवणाऱ्या वाहिनीची. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात २ जानेवारी १९६९ पासून अंधांसाठी अशी सेवा सुरू झाली. तिथे रोजची वर्तमानपत्रे, मासिके व पुस्तके स्वयंसेवक वाचून दाखवतात. युक्ती मोठी नामी. एखाद्या एफ.एम. केंद्राच्याच लहरींवर पोटलहर म्हणून हा आवाज सोडायचा. साध्या रेडिओला तो ऐकू येत नाही, आणि श्रोत्यांना त्यासाठी खास सेट द्यायचा. म्हणजे पट्टीवर वेगळे घरही लागत नाही. जागेच्या टंचाईची सबब इथे तरी सांगता येणार नाही.

कोणी म्हणेल, हल्ली सगळे मोबाइलवर मिळते, पुस्तकेसुद्धा बोलतात. माझे विद्यार्थी मला हेच सांगतात, आणि त्यांच्यापुरते ते खरेही आहे. पण गुळगुळीत काचेवर बोटाने अदृश्य बटणे शोधणे हे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दृष्टी गेलेल्या बाईला सांगून पाहा. तिला दोन कान्या समजतात : एक आवाजाची, दुसरी काट्याची. शिवाय मोबाइलवर आपण मागू ते येते, आणि मागण्यासाठी आधी ठाऊक असावे लागते. रेडिओ न मागता देतो. आणि एकच गोष्ट एकाच घटकेला गिरगावातली म्हातारी, गोवंडीतला शिंपी आणि नाक्यावरचा रात्रीचा पहारेकरी ऐकत असतात, ही जी अदृश्य सोबत, ती ज्याच्या त्याच्या कानातल्या बोंड्यांत मिळत नाही.

मग करावे काय? सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. सार्वजनिक बागेत दुकानाला जागा भाड्याने दिली, तरी एखादा बाक म्हाताऱ्यांसाठी ठेवा अशी अट आपण घालतोच. लहरींच्या बाबतीतही पुढचे परवाने देताना रोजचा एक तास बोललेल्या शब्दासाठी राखून ठेवण्याची अट का घालू नये? दुसरे, आकाशवाणीने भाषणे, श्रुतिका, मुलांचे कार्यक्रम ही आपली जुनी पुंजी मध्यम लहरींच्या भरवशावर न ठेवता मुंबईच्या एफ.एम. पट्टीवर ठळक जागी आणावी, कारण मोबाइलला मध्यम लहरी ऐकू येत नाहीत आणि जुने सेट दुरुस्त होत नाहीत. तिसरे, आमच्या महाविद्यालयांनी पुढे यावे. शिक्षणसंस्थांना सामुदायिक केंद्र काढण्याची परवानगी मिळून पुष्कळ वर्षे झाली. त्यांची शक्ती थोडी, शंभर वॅटची. पण एका वस्तीला वर्तमानपत्र वाचून दाखवायला ती पुरेशी आहे. वाचणारे आवाज आमच्या वर्गांतून हवे तितके मिळतील. उच्चार सुधारतील तो नफा वेगळाच!

श्रोतेहो, तुम्हांलाही एक काम सांगतो. सुरुवातीचा तो कागद खरोखरच तयार करा, आणि त्यावर तुम्हांला न सापडलेल्या गोष्टींची यादी लिहून ती केंद्राला पाठवा, खाजगी वाहिन्यांनाही पाठवा. बारा आणि आठ जण गप्प बसतात, म्हणून हिशेबात त्यांची किंमत शून्य धरली जाते. ऐंशींशी आपले भांडण नाही. गाणी त्यांनाही हवीत, मलाही हवीत. पण शंभरांच्या शहरात शंभरांना काहीतरी मिळाले पाहिजे.

तोवर आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर मीच वर्तमानपत्र वाचून दाखवतो. परवा आई म्हणाली, "तू अग्रलेख फार भरभर वाचतोस. आणि ज्यांच्या घरी वाचायला कुणी नाही, त्या काय करत असतील रे?"

या प्रश्नाचे उत्तर मला एकट्याला देता येण्यासारखे नाही. म्हणून तो आज तुमच्यापुढे ठेवला.