वंदे भारत नांदेडला आली, पण लाईन एकच!

औंढा नागनाथहून बोलतोय. आजचा विषय, २०२५ मध्ये आपल्या रेल्वेत काय झालं. हसू नका, औंढ्यात स्टेशन नाही हे मलाही माहितीये. आपलं स्टेशन हिंगोली, पंचवीसेक किलोमीटरवर.

जूनमध्ये काश्मीरचा चिनाब पूल सुरू झाला, नदीपासून ३५९ मीटर उंच. त्याचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. मला बोलायचंय आपल्याकडच्या गाडीबद्दल. २६ ऑगस्टला, गणपतीच्या आदल्या दिवशी, मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत आली. सगळ्यांच्या स्टेटसला फोटो! पण ती नांदेडहून पहाटे ५ ला सुटते आणि पावणेसहाच्या आत परभणी सोडते. औंढ्याच्या माणसाने एकतर रात्रीच परभणी गाठायची, नाहीतर भाड्याची गाडी करायची. त्यापेक्षा मार्च २०२४ पासून हिंगोलीहून सुटणारी मुंबई जनशताब्दी बरी, असं आपलं माझं मत.

आणि वेग? साधारण ६१० किलोमीटरला साडेनऊ तास. भागाकार करा, ताशी ६५ सुद्धा नाही. गाडी १६० ने पळू शकते, मग अडतं कुठे? एक मोठं कारण म्हणजे परभणी ते छत्रपती संभाजीनगर सिंगल लाईन. समोरून गाडी येत असेल तर आपण स्टेशनात बाजूच्या लाईनवर उभं राहायचं, ती गेली की मग सिग्नल. यालाच आपण 'क्रॉसिंग लागलं' म्हणतो. कोडिंगवाल्यांनो, हा सरळसरळ लॉक आहे. एका थ्रेडने घेतला की बाकीचे ताटकळत. प्रोसेसर कितीही भारी आणा, लॉक तिथेच. शिवाय एका गाडीचा उशीर समोरच्या गाडीलाही लागतो, आणि नवीन गाडी बसवायला टाइमटेबलात जागा सापडत नाही.

म्हणून माझ्या मते वर्षातली आपली सगळ्यात मोठी बातमी ३१ जुलैची. केंद्रीय मंत्रिमंडळाने याच १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,१७९ कोटी. परभणी-मुदखेड आधीच डबल झालंय, त्याला हे जोडलं जाईल. याचे रील्स मात्र कुणी केले नाहीत.

आता मंजुरीवर किती विसंबायचं ते बीडकरांना विचारा. अहिल्यानगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची. म्हणजे मी जन्मायच्या आधीची! बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. आणि तेव्हाही बीड-परळी बाकीच होतं. आपल्या दुहेरीकरणाची मुदत २०२८-२९ सांगितलीये. तारीख लिहून ठेवा, खासदार-आमदार भेटले की विचारत राहा.

जाता जाता कामाचं. १ जुलैपासून ॲपवर तत्काळ तिकीट फक्त आधार व्हेरिफाय केलेल्या अकाउंटलाच मिळतं, १५ जुलैपासून ओटीपी पण लागतो. पहिला अर्धा तास एजंट बंद, म्हणजे एसीला १० ते १०:३० आणि स्लीपरला ११ ते ११:३०. पुण्या-मुंबईहून सणाला गावी येणाऱ्यांनो, व्हेरिफिकेशन राहिलं असेल तर ते सकाळी ९:५८ ला नको, हा एपिसोड संपला की लगेच करा.