जोर, संवेग आणि ऊर्जा



मराठीच्या अध्यापकाने पदार्थविज्ञानाविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आजचा विषय मुळात एका शब्दाचाच आहे. चेंडू ‘जोरात’ लागला, असे आपण सहज म्हणतो. हा जोर मोजावयाचा कसा?

देकार्तने १६४४ मध्ये उत्तर दिले : वस्तूचे परिमाण गुणिले वेग. लायब्निट्झने १६८६ मध्ये ते खोडून काढले. त्याच्या मते वेगाचा वर्गच घ्यावयास हवा. पुढे १७२२ मध्ये हॉलंडात ग्राव्हेसांडेने पितळी गोळे मऊ मातीवर सोडून पाहिले. वेग दुप्पट झाला की मातीतील खळगा चौपट होई. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० मधील आपल्या ग्रंथात लायब्निट्झची बाजू समर्थपणे मांडली. १७४३ मध्ये दालांबेरने मात्र हा सारा शब्दांचा वाद ठरविला.

वस्तुतः दोन्ही पक्ष निरनिराळ्या राशी मोजीत होते. बल किती वेळ लावले, याचा हिशेब संवेगात उतरतो. किती अंतरापर्यंत लावले, याचा गतिज ऊर्जेत. संवेगाच्या वर्गाला वस्तुमानाच्या दुपटीने भागले की गतिज ऊर्जा मिळते. ४ किलोचा गोळा सेकंदाला १ मीटर वेगाने आणि १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने जात असेल, तर दोहोंचा संवेग सारखाच. ऊर्जा मात्र गोळ्याची २ ज्यूल आणि गोळीची ८००!

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लावल्यावर ६ मीटरांत थांबत असेल, तर त्याच ब्रेकने ६० च्या वेगात तिला थांबावयास वेळ दुप्पट लागेल, पण अंतर चौपट, म्हणजे २४ मीटर. शाळेसमोरचा रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचे प्राण त्या १८ मीटरांत अडकलेले असतात. ‘वेग दुप्पट, धोका दुप्पट’ असे मानणारा चालक तीनशे वर्षांपूर्वीचीच चूक करीत असतो. फक्त तिची किंमत दुसरा कोणी मोजतो.

भाषेने एकच शब्द दिला म्हणून वस्तू एकच ठरत नाही. तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात कोणी ‘जोर’ म्हणाला तर त्याला चुकीचा ठरवू नका. एवढेच विचारा : बाळ, किती वेळ, की किती अंतर? शास्त्राचा आरंभ त्या प्रश्नापासून होतो.